बालवर्गातली बिनझाकणाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. बालवर्गाच्या खिडकीखाली माझी जागा आहे. मला झाकण नाही. पूर्वी होतं, चांगलं जाडजूड. ते का गेलं हे सांगायला मला जड जातं. पण सांगितलं पाहिजे, कारण जे घडलं ते माझ्याच पोटात घडलं.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्याच्या मुलीला बालवर्गावर नोकरी लागली, तेव्हा तो म्हणाला, "लेकीला रिकाम्या हातानं कशी पाठवू?" त्यानं एक जुना दरवाजा कापला आणि त्यातून मला घडवलं. मुलांच्या बोटांत कुसळ जाऊ नये म्हणून माझ्या कडा घासून घासून गोल केल्या. सगळं झाल्यावर, उंदीर शिरू नयेत म्हणून, झाकणाला कडी आणि माझ्या अंगाला कोयंडा ठोकला.

त्या मुलीला वर्गात सगळे 'बाई' म्हणत. बाईंनी माझ्यात सोंगांचे कपडे भरले. राजाचा झगा, डॉक्टरचा डगला, आग विझवणाऱ्याची टोपी, एक शेपूट, आणि दोन पंख, त्यातला एक कायम हरवलेला. आठवड्यातून एकदा माझं झाकण उघडायचं आणि मग वर्गात नुसता गोंधळ. वर्ग झाडणाऱ्या मावशी म्हणायच्या, "या पेटीत राजा, चोर आणि शिपाई गुण्यागोविंदानं नांदतात. आमच्या घरात तीन माणसांचं पटत नाही!"

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं होती. अकरा वर्षं मी मुलं पाहिली. दरवर्षी नवी, आणि दरवर्षी तितकीच शेंबडी.

मग मी जुनी झाले. मागची एक फळी तडकली. कडी सैल झाली आणि कोयंडा एका बाजूला वाकला. झाकण आपटलं की कडी आपसूक त्यावर बसायची आणि तिथंच अडकायची. ती काढायला मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा जोर लागायचा. बाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्यांनी वर्गातूनच वडिलांना फोन केला होता.

"बाबा, पेटीची कडी बघायचीय हो. बोटबीट अडकेल कुणाचं."

"येतो गं. दोन मिनिटांचं तर काम."

त्या दोन मिनिटांच्या कामाला सहा आठवडे झाले. सुताराचे गुडघे दुखत होते. बाईंना सुट्टीपूर्वीची घाई होती. आणि मी काय, लाकूड. मला कुठं तोंड आहे?

वर्षअखेरची सुट्टी जवळ आली की बालवर्गाला वेगळंच वारं लागतं. त्या वर्षीही लागलं. बाईंनी मुलांकडून रंगीत कागदाच्या कड्यांची लांब साखळी करवली. जितके दिवस उरले तितक्या कड्या. रोज सकाळी एकानं उठून एक कडी फाडायची. कडी फाटली की एकोणीस मुलं एकदम ओरडायची आणि खिडकीवरची कबुतरं उडायची. कागदाचे तारे कापले जात होते. चिकट गोंद बोटांना, केसांना, एकदा तर बाईंच्या भुवईलाही लागला. एका मुलानं आग विझवणाऱ्याची टोपी चार दिवस डोक्यावरून काढलीच नाही. "कुठंही आग लागू शकते," तो बाईंना गंभीरपणे म्हणाला. बाई तोंडावर हात धरून हसल्या. अशा वेळी त्यांचा चेहरा पाहिला की वाटायचं, जगात याहून चांगलं काम नसेल.

पण साखळीचा हिशोब जमेना. एक कडी फाडली, तरी दुसऱ्या दिवशी साखळी तेवढीच.

"मावशी, मी मोजायला चुकतेय की काय?" बाई म्हणाल्या.

"वय झालं बाई तुमचं," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मला मात्र ठाऊक होतं. वर्गात एक बारकी मुलगी होती. रांगेत सगळ्यांच्या मागून, भिंतीला धरून चालायची, म्हणून तिला सगळे 'मुंगी' म्हणत. तिची आई एका मोठ्या हॉटेलात धुलाईच्या कामाला होती. चादरी धुवायच्या आणि घड्या घालायच्या. आईचं पाहून मुंगीही सुरेख घडी घालायची. खेळ संपला की बाकीची मुलं कपडे माझ्यात कोंबायची, आणि मुंगी ते बाहेर काढून, कोपऱ्याला कोपरा जुळवून पुन्हा ठेवायची. तीच मुंगी मधल्या सुट्टीत माझ्यावर उभी राहून साखळीच्या टोकाला नवी कडी चिकटवत होती.

एकदा ती बाईंना म्हणालीही, "बाई, मला सुट्टी नको."

बाई तारे दोऱ्यात ओवत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं वेडाबाई, सुट्टी कुणाला नको असते का?" मुलं हसली. मुंगी भिंतीला धरून आपल्या जागेवर गेली.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी बारा वाजता शाळा सुटणार होती. साखळी बाईंनी सकाळीच उतरवून मुलांना वाटून टाकली. ज्याला त्याला एक तुकडा घरी न्यायला. साडेअकराला सगळ्यांना फोटोसाठी मैदानावर नेलं. वर्ग रिकामा झाला.

थोड्या वेळानं मुंगी एकटीच परत आली. तिनं माझं झाकण उघडलं. आतले कपडे एकेक करून बाहेर काढले, घड्या घातल्या आणि शेजारी चळत रचली. मग ती माझ्यात उतरली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि दोन्ही हातांनी झाकण ओढून घेतलं.

झाकण आपटलं. कडी कोयंड्यावर बसली आणि अडकली.

सुरुवातीला मुंगी घाबरली नाही. ती शांत बसून बाहेरचे आवाज ऐकत होती. मग आत गरम व्हायला लागलं. तिनं झाकण ढकललं. पुन्हा ढकललं. मग पाय झाडले. तिच्या लाथा माझ्या फळ्यांवर बसत होत्या, आणि मित्रांनो, मला वाटत होतं, आणखी जोरात मार बाळा, फोडून टाक मला. पण मला फार पक्कं बांधलं होतं. तिनं हाक मारली, "बाई!" मैदानावर पालकांची गर्दी होती. तिचा आवाज माझ्याच पोटात राहिला.

बाहेर बाईंनी मुलं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठराच.

मग धावपळ सुरू झाली. मावशींनी संडास पाहिले, गच्चीचा जिना पाहिला. पालक येत होते म्हणून फाटक सताड उघडं होतं, आणि तेच सगळ्यांच्या मनात आलं. बाई रस्त्यावर धावल्या. "मुंगी! मुंगी!" अशी त्यांची हाक मला ऐकू येत होती, लांब लांब जात होती. सगळे तिला दूर शोधत होते. ती मात्र वर्गातच होती, आणि आता तिचे पाय झाडणं थांबलं होतं. तिनं नाक मागच्या तडकलेल्या फळीच्या फटीला लावलं होतं.

शेवटी बाई मुंगीच्या आईचा फोन नंबर घ्यायला वर्गात आल्या. वही उचलली आणि जायला वळल्या. तेवढ्यात त्यांची नजर कपड्यांच्या चळतीवर पडली. राजाचा झगा, डॉक्टरचा डगला, सगळ्यांच्या कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या घड्या.

वही त्यांच्या हातातून पडली. त्यांचा अंगठा कडीखाली गेला, नख मोडलं, आणि झाकण उघडलं.

मुंगी घामानं निथळत होती. ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडे होते, पण ती बोलेना. बाईंनी तिला उचलून खिडकीशी नेलं, तोंडावर पाणी मारलं. मग मुंगीनं एक मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली. त्या रडण्याएवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

डॉक्टरांनी तपासून ती ठीक असल्याचं सांगितलं. तोवर तिची आई कामावरच्याच कपड्यांत धावत आली होती. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, त्याही वर्गात आल्या.

"तुमच्या भरवशावर सोडते मी तिला!" आई म्हणाली.

मोठ्या बाई सावरून घ्यायला लागल्या. "हे बघा, मुलं खोडकर असतात. एवढ्याशा वेळात..."

"नाही," बाई मध्येच म्हणाल्या. "तिची खोडी नाही. कडी खराब आहे हे मला सहा आठवड्यांपासून माहीत होतं. मी ती काढून टाकली नाही. आणि आज तिच्यावर लक्षही ठेवलं नाही. चूक माझी आहे."

मग बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी मुंगीला हळूच विचारलं, "तू आत का गेलीस गं?"

"पेटी सुट्टीत शाळेतच राहते ना," मुंगी म्हणाली. "मला पण राहायचं होतं."

"घरी का नाही?"

मुंगीनं आईकडे पाहिलं. तिला वाटलं, यात काय लपवायचं? "घरी आई पण कडी लावते. बाहेरून. कामावर जाते तेव्हा."

आई मटकन छोट्या खुर्चीवर बसली. "काय करू मग?" ती कुणालाच न बघता म्हणाली. "सुट्टीत हॉटेल भरलेलं असतं. रजा मागितली तर कामावरून काढतात. शेजारीण गावाला गेलीय. उघड्या घरात टाकून जाऊ का पोरीला?"

मोठ्या बाईंनी एवढंच ठरवलं की चौकशी होईपर्यंत बाईंनी घरी राहावं आणि पेटी आजच्या आज शाळेबाहेर जावी.

अशी मी अकरा वर्षांनी पुन्हा सुताराच्या अंगणात आले. तो आता म्हातारा झाला होता. त्यानं लेकीकडून सगळं ऐकलं आणि कडीकडे बघत माझ्यासमोर उकिडवा बसला.

"उंदरांसाठी लावली होती गं," तो म्हणाला. "आणि दोन मिनिटांचं काम होतं."

"बाबा, मी तरी कुठं मागं लागले?"

"तुला पोरांची शंभर कामं. मला एक होतं."

तीन दिवस त्यानं मला हात लावला नाही. बाईही दारात बसून असायच्या. बालवर्गाचा विषय घरात निघत नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात कुणी तरी उभं राहिलं. मुंगीची आई होती, आणि तिच्यामागे भिंतीला धरून मुंगी.

आई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. पण काल दाराला कडी लावायला हात उचलला आणि लावताच येईना. तुम्ही खरं बोललात त्या दिवशी. म्हणून आलेय. दोन दिवस ठेवाल का हिला? तोवर दुसरं काही बघते."

बाई दारातून उठून बाजूला सरकल्या. म्हातारा म्हणाला, "ठेवतो, पोरी. आमच्या घराचं दार उघडंच असतं."

त्या दिवशी त्यानं हत्यारं काढली. मुंगी लांब उभी राहून बघत होती. कडी आणि कोयंडा तर त्यानं काढलाच, पण मग बिजागऱ्याही सोडवल्या आणि झाकण पूर्ण वेगळं केलं. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. झाकण गेलं तेव्हा मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

दोन दिवसांचे दहा झाले. मुंगी माझ्याजवळ आली नाही. म्हाताऱ्यानं तिला लाकडाचे ठोकळे घासायला दिले, ते ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून घासायची. मी तिला दोष देत नाही.

सुट्टी संपली. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभर त्यांच्याकडे स्वतःचा वर्ग राहिला नाही. दुसऱ्या बाईंच्या हाताखाली त्यांनी काम केलं, मान खाली घालून, एकही तक्रार न करता. मला मात्र शाळेत परत यायची परवानगी मिळाली, ती मोठ्या बाईंनी स्वतः माझ्या कडांवरून हात फिरवून बघितल्यावर.

मित्रांनो, आता बाईंना वर्ग परत मिळाला आहे. मुलं नवी आहेत. बाई पूर्वीएवढ्या हसत नाहीत आणि मुलांना पुन्हा पुन्हा मोजतात. परवा सुट्टीपूर्वीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं, "सुट्टीत तू कुठं असणार? तुझ्याजवळ कोण असणार?" कुणी मामाकडे जाणार होतं, कुणी आत्याकडे. एक मुलगा काहीच बोलला नाही, नुसता मोजे ओढत बसला. बाकीची मुलं चुळबुळ करायला लागली. घंटा झाली. बाहेर पालक ताटकळले.

बाई पुढच्या मुलाकडे वळल्या नाहीत. त्या त्याच्याजवळ सरकल्या, मांडी घालून बसल्या आणि वाट बघू लागल्या.

तुमच्या घरात, शाळेत एखादी कडी सैल झाली असेल, एखादी फळी तडकली असेल, तर आजच कुणाला तरी सांगा, आणि ती दुरुस्त होईपर्यंत सांगत राहा. आम्ही वस्तू बोलू शकत नाही. पण तुमच्यातलं कुणी सगळ्यांना हवी असलेली गोष्ट 'मला नको' म्हणालं, तर हसू नका. हातातलं काम बाजूला ठेवा आणि विचारा, "का रे?"