दारावरचा लाल कागद

चीनमधल्या हुचौच्या बाजूला वसंत आला की घरोघरी दारावर लाल कागद चिकटतो. आत रेशमाच्या अळ्या आहेत, येऊ नका, हाकही मारू नका. मग सख्खा भाऊसुद्धा दाराबाहेरूनच मागे वळतो.

साइयिंगने यंदा कागद सगळ्यांच्या आधी लावला. अळ्या अजून अंड्यांतच होत्या आणि ऊब मिळावी म्हणून ती अंडी तिने रिवाजाप्रमाणे आपल्याच छातीशी बांधली होती. कागद अळ्यांसाठी नव्हताच मुळी. तो होता आईला न विचारता खलाशाशी लग्न लावून बसलेल्या लेकीसाठी. येऊ दे वसंतातल्या पितरांच्या सणाला, जाईल तोंड पाडून!

सासूबाईंच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. "अळी धागा काढते आणि त्यातच स्वतःला कोंडून घेते," त्या म्हणाल्या. "अळ्या पाळता पाळता आपल्याच बायकांनी ही म्हण केली, पंडितांनी ती नंतर पुस्तकात नेली. तू तर बाई अळ्यांच्याही आधी सुरुवात केलीस!"

सणाच्या दुपारी होडी धक्क्याला लागली. साइयिंगने फटीतून पाहिलं. लानफांग नवऱ्याचा हात धरून उतरली. तिला दिवस गेले होते. नवरा हाक मारणार, तोच तिने त्याला अडवलं.

"ओरडू नका हो! आईच्या अळ्या दचकतील."

"अगं, उद्या आपली बोट सुटणार. सिंगापूरहून परत कधी येणार आपण?"

"म्हणून काय तिचं पीक बुडवू?"

साइयिंगचा हात अडसरावर गेला आणि तिथेच थिजला. कालव्यापलीकडे शेजारीण टोपल्या घासत होती. दार उघडलं की कागद खोटा ठरणार. मग गावात कुठेही अळ्या मेल्या, तरी लोक बोट दाखवणार ते हिच्याच घराकडे.

"उघड की गं!" सासूबाई कुजबुजल्या.

"कशी उघडू, आई? गाव जगू देईल का?"

हाक मारायचीही सोय नव्हती. कागद लावलेल्या घरातून कोणी ओरडत नाही. आपल्याच घरात ती कोंडली गेली.

लानफांगने पायरीवर एक गाठोडं ठेवलं, बंद दाराला वाकून नमस्कार केला आणि ती होडीत बसली. वल्ह्यांचा आवाज थांबेपर्यंत साइयिंग दाराला चिकटून उभी होती. मग तिने दार किलकिलं करून गाठोडं उचललं.

पलीकडून शेजारीण हलक्या आवाजात म्हणाली, "लेक आली होती हो. किती गुणाची! दाराला बोट लावलं नाही. वळण तुझंच."

अळ्यांच्या या महिन्यात घरात रडायचंही नसतं.

"हो," साइयिंग म्हणाली. "माझंच."