इसहाक आबांच्या तीन वह्या

मुलांनो, अशी कल्पना करा. तुमच्या आजोबांनी तीस वर्षं खपून घराण्याची सगळी हकीकत लिहून ठेवली आहे. ती वही तुमच्या मांडीवर आहे. तुम्ही ती उघडता आणि त्यातलं एक अक्षरही तुम्हाला लागत नाही.

दीनाचं अगदी असंच झालं. साल १९७२. अकरा वर्षांची दीना पाथर्डीजवळच्या एका गावात राहायची. तिचे आबा, इसहाक मास्तर, सायकलीवरून गावोगाव हिंडले होते. म्हाताऱ्या माणसांजवळ बसले, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी चाळल्या. पणजोबा कुठून आले, ख्रिस्ती झाल्यावर त्यांना विहिरीवर पाणी कोणी भरू दिलं, कोणी नाही, सगळं टिपलं. सांगणारे भराभर सांगत, म्हणून मास्तर मोडी लिपीत लिहीत. मोडी झरझर लिहिता येते. "निवृत्त झालो की शाळेतल्या बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरात पक्की प्रत करीन," असं ते म्हणत राहिले. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. सांगणारेही एकेक करून गेले होते. शाळेतून मोडी तर कधीच उठली होती.

गावात मोडी जाणणारे आणखी एकच, म्हातारे छगनराव तलाठी. दीना त्यांच्याकडे वही घेऊन गेली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"मोडी वाचन्यात माझी हयात गेली," ते म्हणाले. "पन हे अक्षर हाय का कोंबडीनं उकिरडा उकरलाय? तुझ्या आबाचं लिहिलेलं त्यालाच लागायचं, पोरी."

दीना परतली. आबा बाजेवर बसले होते. तिच्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं.

"नाही ना लागलं?"

"चार-पाच शब्द लागले फक्त."

आबा हळूच म्हणाले, "आजवर मला तोंडपाठ होतं. आपल्याला विहिरीवर पाणी भरू देणाऱ्या त्या बनुबाईच्या भावाचं नाव सकाळपासून आठवतोय. येत नाही."

आबांचे डोळे गेले होतेच, आता आठवणही जाऊ लागली. दीनानं बनुबाईचं पान कुठलं ते विचारलं. आबांनी सांगितलं, दुसरी वही, सुरुवातीलाच. तिनं ती वही उघडली, त्यांचा हात ओढला आणि वहीतली ओळ पाहत त्यांच्या तळहातावर बोटानं तशीच काढू लागली.

"अगं, गुदगुल्या होतात. काय चाललंय?"

"वाचा ना, आबा."

"काय वाचू? मधेच बोट उचलतेस. मोडीत हात उचलायचा नसतो."

तिनं पुन्हा काढलं, बोट न उचलता. आबांचे ओठ हलले, थांबले. "परत काढ." तिनं काढलं. "भी... भीमा. भीमाच तो, बनुबाईचा भाऊ."

दीनानं ते नाव बाळबोधीत लिहून घेतलं. दिवस मावळेपर्यंत सात ओळी झाल्या. तिनं पानं मोजली. तीन वह्या, प्रत्येकी दोनशे पानं, पानात वीस ओळी.

"आबा, असं तर पाच वर्षं लागतील."

"तोवर माझं डोकं शाबूत राहील का, हे त्या प्रभूलाच ठाऊक," आबा म्हणाले.

दीनानं पेन्सिल खाली ठेवली. स्वतःचा तळहात उघडला, आबांचं बोट त्यावर टेकवलं आणि म्हणाली, "आधी मला तुमच्या मोडीतला 'अ' काढून दाखवा."