पूर्वेकडे तोंड केलेला पंखा

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. कारण यातली चूक माझी आहे, आणि ती चूक आहे हे मला आधीच माहीत होतं. पण पुष्कर म्हणाला, "लिव मेल्या, नायतर मी सगळ्यांका सांगतलंय, आणि माझा सांगणा तुका आवडूचा नाय." म्हणून लिहितोय.

तर. पुष्करकडे शाळेची जुनी मिनीबस आहे. म्हणजे त्याच्या वडिलांची, गणपतकाकांची. त्यांनी ती आंब्याच्या पेट्या न्यायला घेतली होती. पुष्करने सीट काढून आत पलंग केला, छोटा ओटा केला, पडदे लावले. आमच्या नांदगावात असली गाडी कोणी बघितलेली नाही. लोक आत डोकावून विचारायचे, "हडे देव खंय ठेवतलास?"

काकांनी त्याला एक शनिवार दिला. कोल्हापूरचं एक जोडपं तोंडवलीच्या किनाऱ्यावर एक रात्र गाडीत राहणार होतं. ते खूश होऊन गेले तर गाडी पुष्करची. मधेच कंटाळून निघाले तर पलंग बाहेर, पेट्या आत. एप्रिल संपत आला होता आणि पेट्या पडवीत तयारच होत्या.

अडचण एकच, उकाडा. पुष्कर दुपारी तासभर आत झोपून बघायला गेला आणि उकडलेल्या रताळ्यासारखा बाहेर आला.

काका म्हणाले, "घराक काचेचो कौल घालतंव, तसो एक घाल वर."

"बाबा, काचेच्या कौलातसून उजेड येता, वारो नाय."

"मगे कौल काढून ठेव."

इथे मी आलो. मी सुशांत. बारावीनंतर आधी घरचं वायरिंग केलं, मग शेजाऱ्यांचं, बाकी सगळं मोबाईलवर बघून शिकलो. छपरावरच्या पंख्याचे मी चाळीसेक व्हिडिओ बघितले. त्यातला एक माणूस कुठल्या भाषेत बोलत होता तेही कळलं नाही, पण हात बघून सगळं कळलं.

बसच्या छपराला असते तशी नुसती झडप घ्यावी असं एकदा वाटलं. पण गाडी उभी असली की झडप म्हणजे फक्त भोक. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट घरच्या करंटवर चालतो, किनाऱ्यावर करंट कोण देणार? शेवटी बॅटरीवर चालणारा, आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत दोन्ही करणारा, वर उघडणारं झाकण असलेला चौकोनी पंखा मागवला. खोका आला तेव्हा आम्ही दोघं त्याच्याभोवती नाचलो. खरंच नाचलो. सरलाकाकी, पुष्करची आई, दारातून बघत होती. म्हणाली, "सून आणलास काय रे?"

गुरुवारी सकाळी गाडी अंगणात घेतली. तोंड पूर्वेला, कारण फाटक तिकडे आहे. खोक्यातल्या कागदाने छपरावर चौकोन आखला, चुरा आत पडू नये म्हणून पलंगावर ओले पेपर पसरले. मी ड्रिल उचलतो तोच काका नारळ घेऊन आले.

गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे विहीर खणत नाहीत, दुकान उघडत नाहीत. मग छप्पर कसं कापणार? काका शिडीला नारळ टेकवून सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, आज ही पोरां गाडयेच्या डोक्यार भोक मारतत..."

"व्हय म्हाराजा," आम्ही.

"त्या भोकातसून वारो येव दी, पाणी येव देव नको..."

"व्हय म्हाराजा."

"आणि त्यांच्या हातून वाकडा काय झाला तर त्यांका सरळ करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

मग काकांनी पंखा हातात घेतला, झाकण वरखाली केलं. झाकणाला एका बाजूला बिजागरी, दुसरी बाजू उघडते. काका म्हणाले, "हेचा तोंड पूर्वेक येव दी. वास्तूचा तोंड पूर्वेक बरा."

पूर्व म्हणजे गाडीची पुढची बाजू. आणि चाळीसच्या चाळीस व्हिडिओंत एकच गोष्ट ओरडून सांगितली होती, की बिजागरी पुढे, तोंड मागे. नाहीतर चालत्या गाडीत वारा झाकणाखाली शिरतो.

मला माहीत होतं. तोंडावर आलंही होतं. पण काका नुकतंच गाऱ्हाणं घालून उभे, हातात नारळाची कवड, ज्यांनी मला लहानपणी पोहायला शिकवलं ते. मी म्हटलं, "व्हय काका."

छप्पर कापलं. कडा घासून गंज लागू नये म्हणून लाल रंग मारला, चिकट पट्टी लावली, पंखा बसवला, स्क्रू आवळले. बटण दाबलं. पुष्करने आत उदबत्ती पेटवली आणि धूर सरळ वर, छपरातून, भसाभस. आम्ही वेडे झालो. काकीने आत बसून कांदा चिरला, फक्त डोळ्यांत पाणी येतं का बघायला. आलंच. पंखा कांद्याला काय करणार.

शुक्रवारी तोंडवलीला फेरी मारायला निघालो. पुष्करने झाकण अर्धं उघडं ठेवलं, म्हणाला, वारो खात जाव. कणकवली सोडली, आचऱ्याच्या रस्त्याला लागलो, उतार आला, त्याने गाडी दाबली. वरून आधी शिट्टी आली. मग गुरगुर. मग फाट्.

आरशात बघितलं तर झाकण उडत चाललं होतं. खूप छान उडत होतं, खोटं कशाला सांगू. एका कुंपणापलीकडे गेलं.

धावत गेलो. एक म्हातारी, काशीबाई, खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. आमचं झाकण तिने उन्हासाठी डोक्यावर धरलं होतं.

"तुमचा काय ह्या?"

"व्हय आजी, गाडयेचा छप्पर."

"माझ्या सोलांवर पडला. धुवून देव? लाल झाला."

झाकणाची बिजागरीच तुटली होती. नवीन झाकण यायला दहा दिवस आणि पाहुणे उद्या. पुष्कर गाडीत बसून पुढे बघत राहिला. "बाबा आज सांजेकच पेट्यो भरतले," एवढंच म्हणाला.

तोंडवलीत जयरामदादा फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. तोच आठवला. त्याने झाकण उलटसुलट बघितलं, छपरावर चढला.

"हेचा तोंड पुढे कित्या?"

"बाबांनी पूर्वेक करूक सांगल्यानी," पुष्कर म्हणाला.

जयरामदादा छपरावरच बसला. "आणि गाडी वळली काय पूर्व खंय जाता?"

पुष्कर माझ्याकडे वळला. "तू इतके व्हिडिओ बघलंस. तुका म्हायत नाय होता?"

मी म्हटलं, "म्हायत होता."

त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात ठेवला आणि पाठ फिरवली. ते वाईट होतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं.

जयरामदादाने बिजागरीवर कापड बसवून फायबरचा लेप दिला. उन्हात तासाभरात दगड झाला. तोवर मी एकट्याने सगळे स्क्रू काढले, पट्टी खरवडली, पंखा अर्धा फिरवला. भोक चौकोनी होतं म्हणून वाचलो. पुन्हा सगळं सील केलं. मग दादा म्हणाला, होडी कशी बघतंव तशी बघूया. पुष्कर आत पंख्याखाली उताणा झोपला, पोटावर कोरा पेपर. दादाने छपरावर समुद्राच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. एक, दोन, सात.

"थेंब पडलो?"

दादाने छपरावर थाप मारली.

"अरे पडलो काय?"

"माका झोप येता," पुष्कर म्हणाला. "गार वाटता हडे."

आणि हसायला लागला. मग मी, मग दादा, आणि त्याने छपरावर तीन बादल्या पाणी उगाच जास्त ओतलं.

घरी जाऊन काकांना मीच सांगितलं. सगळं, माहीत होतं तेसुद्धा. काकांनी छपराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि पुष्करला म्हणाले, "गाडी फिरवून लाव. मागचा तोंड पूर्वेक येव दी." तशी लावली. वास्तू खूश.

रविवारी कोल्हापूरचं जोडपं दुपारी गाडी घेऊन परत आलं, ठरल्यापेक्षा तीन तास उशिरा, कारण बाई उठायलाच तयार नव्हती. काकांनी एकच विचारलं, "उकडलं का हो?" साहेब म्हणाले, "पहाटे चादर घेतली." काका पडवीत गेले आणि पेट्यांसाठी शेजारच्या टेम्पोवाल्याला फोन लावला.

पुष्करने मला गाडीमागे ओढत नेलं. म्हणाला, सोमवारी बाजूची खिडकी कापूची आसा, आणि बाबांनी ती खंय होयी ता आधीच ठरवल्यानी. मी विचारलं, कुठे. त्याने बोट दाखवलं. बरोबर डिझेलच्या टाकीच्या नळीवर.

मी त्याचा हात धरून शब्द दिला, की सोमवारी काका नारळ घेऊन येतील, त्याच्या आधी मी त्यांच्यासमोर उभा राहून नाही म्हणेन, आणि ते रागावले तरी तिथून हलणार नाही.