भांगेच्या तारेत दिलेला शब्द

बबनरावांच्या घरी महाशिवरात्रीची भांग घरच्या कर्त्या पुरुषानंच वाटायची, आणि वाटताना तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा रिवाज होता. वाटणारा बोलला की भांग विटाळली. मग ती सरळ उकिरड्यावर. हे कुणी ठरवलं ते महादेवालाच ठाऊक, पण सिंदीतल्या त्यांच्या आळीत ते कोर्टाच्या हुकुमासारखं पाळलं जाई. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा नवरा वर्षातून एकदा मुकाट बसलेला बघायला विमलाबाईंना फार आवडे.

त्या दुपारी मात्र बबनरावांनाच गप्प बसायची घाई झाली होती. संध्याकाळी हिंगणघाटहून सदाशिवराव येणार होते, आपल्या मुलाशी, मधूशी, बबनरावांच्या लेकीच्या, नलूच्या लग्नाची तारीख पक्की करायला. नलूला वर्ध्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं, आणि तिथे तिला जागाही मिळाली होती. पण बबनरावांनी गेल्या शिवरात्रीलाच शब्द देऊन टाकलेला. दारूतला शब्द इकडे कुणी धरत नाही. भांग पडली देवाचा प्रसाद. त्या तारेत दिलेला शब्द मोडायचा म्हणजे महादेवाच्या पुढ्यात खोटं पडायचं.

विमलाबाईंनी सकाळपासून भिजलेली भांग पाण्यामागून पाणी काढत धुतली, पिळून पाट्याशी ठेवली आणि भांगेच्या हिरव्या वड्यांसाठी दूध आटवायला चुलीपुढे बसल्या. अंगणात कडुनिंबाखाली बबनराव पाट्यावर वाकले. शेजारी नलू, पाण्याची वाटी घेऊन.

वरवंटा फिरू लागला. माघाचं ऊन अंगणात सुस्तावून पडलं होतं. आतून आटत्या दुधाचा गोड वास येत होता, पाट्यावरून ओला हिरवा वास चढत होता, आणि पोटात उपास. अजून जिभेला काही लागलंही नव्हतं, तरी बबनरावांचे डोळे जड व्हायला लागले. पाट्यावरचा हिरवा रंग पसरत पसरत पार पाट्याच्या कडेबाहेर गेल्यासारखा वाटला. त्या हिरव्यात त्यांना गेल्या वर्षीची संध्याकाळ दिसू लागली. गाडीची शिट्टी झाली होती आणि ती संपतच नव्हती. गाडी जणू त्यांच्या अंगणातूनच संथपणे चालली होती, खिडक्यांतून माणसं हात हलवत होती. सदाशिवराव स्वतःच्याच चपलेकडे बघून डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. कडुनिंबाच्या फांद्यांत तारे अडकले होते आणि ते हातानं काढता येतील असं वाटत होतं. काय सुख होतं ते! आणि त्यानंतर? त्यानंतर नुसता पिंजलेला कापूस. त्यापलीकडे काही नाही.

त्या शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भांगेला सोबत बसलेले कापसाचे व्यापारी मोतीलाल दारात उभे. "बधाई हो बबनराव! सदाशिवरावचे याही झाले म्हन्ते तुमी!"

"बाबा," पाट्याशेजारून नलू हळूच म्हणाली, "आज तुमाले बोलता येत नाई, म्हनून बोलते. एरवी तुमी बोलूच कुठं देता?"

वरवंटा फिरत राहिला.

"मले शिकाचं आहे. मधू वाईट नाई, पन मले आता लग्न नाई करायचं." तिनं पाट्यावर चार थेंब सोडले. "तुमी खरंच म्हनलं होतं का, पोरगी देल्ली म्हून?"

वरवंटा थबकला, मग दुप्पट जोरानं फिरू लागला. भांग लोण्यासारखी झाली. वरवंटा उचलला तर पाटा त्याला चिकटून वर येऊ पाहत होता. एवढं झालं की वाटण पुरे, हे बबनरावांना पक्कं माहीत होतं. पण हात थांबला तर तोंड उघडावं लागणार. म्हणून ते वाटत राहिले, आणि नलू पाणी घालत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. पोरीच्या त्या डोळ्यांकडे बघितलं आणि बबनरावांचा हात थांबला.

"मले आठवत नाई, पोरी," ते म्हणाले.

विमलाबाई हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आल्या. "बोलले तुमी?"

"बोललो. मोतीलालनं सांगतलं तवा मले लाज वाटली. आपलाच शब्द आपल्याले आठवत नाई, असं कसं म्हनावं? म्हून मान हालवली."

 विमलाबाईंनी पाट्यावरची भांग ताटात काढली आणि उकिरड्याकडे चालत्या झाल्या.

संध्याकाळी सदाशिवराव आले. पुढ्यात ताटली आली तसे चपापले. "हे काय? शिवरात्रीले पांढऱ्या वड्या?"

"यंदा भांग नाई," बबनराव म्हणाले.  "सदाशिवराव, मागच्या वर्षी मी शब्द देल्ला म्हन्तेत. मले त्यातलं काईच आठवत नाई. वर्षभर उगाच मान हालवून राह्यलो."

सदाशिवरावांनी हातातली वडी खाली ठेवली. चेहरा लाल झाला. आता हा माणूस उठून जाणार, चार गावांत आपली छीथू होणार, असं बबनरावांना वाटलं.

"मले तरी कुठं आठवते?" सदाशिवराव म्हणाले. "मलेबी मोतीलालनंच सांगतलं. मले वाटलं, तुमाले आठवते."

"तो मोतीलाल तर त्या दिवशी माह्या बैलाले मामा म्हनत होता!"

मग दोघं असे हसले, की भांग सगळी उकिरड्यावर गेली ना, अशी आत विमलाबाईंना शंका आली. हसू ओसरल्यावर सदाशिवराव हळू आवाजात म्हणाले, "पोरगं मात्र वाट पाहून राह्यलं. त्याले मी सांगतो, पन तुमी आधी पोरीले इचारा. मीबी तिले इचारलं नोतं."

बबनराव उठून स्वयंपाकघरात गेले. "नलू, आता शुद्धीत आहो मी. सांग, काय करायचं?"

दुपारी इतकं बोललेली पोर आता विचारल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"वर्ध्याले मले सोडाले तुमी याल?" तिनं विचारलं.

"येईन," बबनराव म्हणाले, ओसरीवर सदाशिवरावांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा.