पुन्हा खोक्यात गेलेलं कपाट

नोएलीनने त्या बाईला फोनवरच बजावलं होतं, गाडी घरासमोर लावायची नाही. मागच्या गल्लीतून यायचं, आंब्याखाली लावायची आणि पुढची घंटा अजिबात वाजवायची नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी कपाट जोडून घेतेय की बँक फोडतेय!

पण ऑस्ट्रेलियातल्या या मेरीबरोसारख्या छोट्या गावात राहून दाखवा म्हणजे कळेल. इथे नात्यात एक धडधाकट पुरुष असताना स्क्रू पिळायला पैसे देऊन बाहेरचं माणूस आणायचं, म्हणजे त्या पुरुषाच्या तोंडावर सांगायचं की बाबा, तू आता कामाचा राहिला नाहीस. इथे दीर येतो, शेजारी येतो, चर्चमधलं कोणी येतं, काम करतं, चहा आणि फ्रूटकेक खातं आणि जातं. कंपनीचं नाव रंगवलेली गाडी दारात दिसली की जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी बोल्स क्लबात, जिथे गावातली म्हातारी मंडळी हिरवळीवर गोळे घरंगळवत बसतात. आणि क्लबात डेस.

डेस म्हणजे नोएलीनचा धाकटा दीर. जन्म रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेला. हातात कला होती ती थोरल्याच्या, म्हणजे नोएलीनच्या नवऱ्याच्या, कॉलिनच्या. कॉलिन गेला आणि त्याची पत्र्याची हत्यारपेटी डेसकडे आली, आणि पेटीबरोबर घरही आपल्याच गळ्यात आलं असं डेसने धरलं. दर गुरुवारी तो यायचा. काहीतरी ठोकायचा, काहीतरी पिळायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. गुरुवारचा चहा त्याला संध्याकाळपर्यंत पुरायचा.

आता त्याने ठोकलेलं टिकायचं नाही, हा काही गुन्हा नाही. गुन्हा नोएलीनचा. डेसने काहीही केलं की ती हात जोडून उभी, "वा डेस, कॉलिनलासुद्धा असं जमलं नसतं हं!" काय गरज होती एवढी साखर पेरायची? "ठीक आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कौतुक ऐकलं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि ते लाल कान बघायला तिला आवडायचं.

मग ब्रिस्बेनहून लेकीचा, केरिनचा फोन आला. नाताळला ती जुळ्यांना घेऊन येणार होती. तीन वर्षांची पोरं, माकडं नुसती.

"आई, आम्ही उतरतो त्या खोलीत नवं कपाट येतंय ना, ते डेसकाकाच्या हातात देऊ नकोस. पोरं त्यावर चढणारच. भिंतीला नीट धरलेलं नसलं तर त्यांच्या अंगावर येईल."

"अगं, त्याला वाईट वाटेल."

"वाटू दे. नाहीतर आम्ही मोटेलात उतरतो. ठरव तू."

नोएलीनने दोन दिवस तळमळून जवळच्या हर्वी बे गावातल्या, पैसे घेऊन कपाटं जोडून देणाऱ्या बाईला गाठलं. वार मंगळवार, कारण मंगळवारी डेस सकाळपासून क्लबात असतो.

टॉनिया आली ती मागच्या दाराने, पण तिचा आवाज पुढच्या रस्त्यापर्यंत गेला. पन्नाशीची, दंडावर पोपट गोंदलेला, एकेक खोकं काखेत मारून आणणारी. खोलीत शिरून तिने उतार बघायची लेव्हल जमिनीवर ठेवली आणि हसत सुटली.

"अगं नोएलीन, तुझं घर नदीला भेटायला निघालंय!"

"शंभर वर्षांचं आहे ते. खांब खचलेत त्या बाजूचे. हळू बोल गं जरा."

"कोण झोपलंय का?"

"नाही. असंच."

टॉनियाने खालच्या बाजूला पाचरी दिल्या, भिंतीच्या लाकडी पट्ट्यांवर ठोकून मागचा वासा शोधला, आणि जेवणवेळेच्या आत कपाट उभं. पांढरं स्वच्छ, तीन दारांचं. भिंतीला असं घट्ट की टॉनिया स्वतः त्याच्या दाराला लोंबकळली, "बघ, मी नाही पाडू शकले तर तुझी नातवंडं काय पाडतात!" नोएलीनने दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. किती दिवसांनी या घरातलं एखादं दार नीट बसलं होतं. तिने खुशीत चहा टाकला.

आणि फोन वाजला.

"नोएलीन, मी डेस. हिरवळीखालचा पाइप फुटला, खेळ रद्द. म्हटलं तुझ्याकडे यावं. ते कपाटाचं जरा—"

रविवारी व्हरांड्यात ती खोकी त्याने बघितली होती, हे नोएलीन साफ विसरली होती. त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं की नाही? पण नाही. आपली चोरी पकडली जाईल या भीतीने ती धाडधाड बोलत सुटली.

"हो हो, ते तुझ्याचसाठी ठेवलंय! हातसुद्धा नाही लावला कोणी. तुझ्याशिवाय कोण करणार, डेस? ये ना, वाट बघते."

मग डेस म्हणाला, "बरं. येतो. आधी पेटी घ्यायला घरी जातो."

नोएलीनने फोन ठेवला आणि टॉनियाकडे वळली. पुढे ती जे बोलली ते बोलताना तिला स्वतःलाच ऐकवेना.

"हे सोडता येईल का?"

"काय सोडता येईल?"

"कपाट. सगळं. परत खोक्यात."

टॉनियाने चहाचा कप खाली ठेवला. "खराब झालंय का काही?"

"नाही गं, छान आहे. माझा दीर येतोय. त्याला वाटतंय तो करणार आहे."

"मग सांग त्याला, झालं म्हणून. भांडखोर आहे का?"

"तो? माशीसुद्धा मारत नाही तो. तेच तर ना!"

"इतकी वर्षं मी हे करतेय," टॉनिया म्हणाली, "जोडायला पैसे देतात लोक. सोडायला देणारी तू पहिली." पण नोएलीनचा चेहरा बघून ती उठली. दारं उतरली, बिजागऱ्या निघाल्या, पाठीच्या पातळ फळीचे बारीक खिळे पकडीने एकेक उपटले. नोएलीन गुडघ्यांवर बसून पाचरी गोळा करत होती, स्क्रू पिशवीत भरत होती, खोक्यांना पुन्हा चिकटपट्टी लावत होती. आपल्या पैशाने, आपल्या घरात, आपणच चोरासारखं वागतोय, हे तिला कळत होतं. हात मात्र थांबत नव्हते.

जाताना टॉनिया एवढंच म्हणाली, "तुझी मर्जी, बाई. पण मला विचारशील तर तू त्याच्यावर उपकार करत नाहीयेस." आणि गाडी मागच्या गल्लीतून निघून गेली.

डेस आला तो बोल्सच्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कॉलिनची पेटी. त्याने चिकटपट्टी कापली. ती दुसऱ्यांदा लावलेली आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. सूचनांचा कागद त्याने नाकाला लागेल इतका जवळ धरला, मग लांब धरला, मग घडी करून खिशात घातला.

"ही डावी बाजू," तो म्हणाला.

ती उजवी होती. नोएलीनने नुकतीच ती लागताना पाहिली होती आणि सुटतानाही. कुठली फळी कुठे, कुठला स्क्रू कुठल्या भोकात, सगळं तिला पाठ. बोलावं तर कसं? हात न लावलेल्या कपाटाची उजवी बाजू हिला कशी ठाऊक? ती फळी धरून गप्प उभी राहिली. त्याचा स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या डोक्यावरून घसरायचा, तो बोटाने चाचपून पुन्हा टेकवायचा, पुन्हा घसरायचा. टोपीखालून घाम ओघळत होता. तिला ओरडावंसं वाटत होतं, बस कर रे, बस कर. आणि तोंडातून निघालं काय?

"छान जमतंय हं, डेस."

त्याने जोर लावला. चुकीच्या भोकात गेलेला स्क्रू फिरला, आणि फळी काठापासून टरकन चिरली.

डेस जमिनीवर बसला. त्याच्या पांढऱ्या पँटीच्या गुडघ्यांना लाकडाचा भुसा लागला होता. बराच वेळ तो चिरेवरून अंगठा फिरवत राहिला.

"नोएलीन, मला दिसत नाही गं आता," तो म्हणाला. "मधलं सगळं पुसट झालंय. डॉक्टर म्हणतात, सुधारायचं नाही. क्लबातसुद्धा मी नुसता बाकावर बसतो. मघाशी तेच सांगायला फोन केला होता. म्हणणार होतो, या वेळी बाहेरचं कोणीतरी बोलाव, त्या पोरांच्या खोलीतलं कपाट आहे. पण तू म्हणालीस माझ्याचसाठी ठेवलंय. मग तोंड उघडेना."

नोएलीनला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. आता तरी सांगायचं! हीच वेळ होती. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात मागच्या दारातून तो दणदणीत आवाज आला.

"नोएलीन! माझं ड्रिल राहिलं गं इथे! पुढच्या कामावर जाऊन बघते तर—" टॉनिया खोलीच्या दारात थांबली. तिने आधी चिरलेली फळी पाहिली, मग जमिनीवर बसलेला पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा. खिडकीतलं ड्रिल तिने मुकाट्याने उचललं. "नमस्कार," ती डेसला म्हणाली, आणि जवळजवळ पळालीच.

गाडीचा आवाज गल्लीतून दूर गेला. डेसने पाठीची पातळ फळी ओढून मांडीवर घेतली आणि तिच्या काठावरून बोट फिरवलं. डोळे गेले तरी बोटं होती. काठाने खिळ्यांची भोकं एका ओळीत लागत गेली.

"हे उभं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"सरळ?"

"हो."

"आणि माझ्यासाठी पाडलंस."

"डेस, मला वाटलं तुला—"

"न्हाणीघरातला मी लावलेला हुक?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पडला होता. केरिनच्या नवऱ्याने दुसरा लावला."

"दिसायला तसाच आहे."

"तसाच शोधून आणला आम्ही." हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की त्याला मान पुढे करावी लागली.

"ड्रॉवरचं कपाट? तू म्हणालीस, केरिनला इतकं आवडलं की ती घेऊन गेली."

"कचऱ्याच्या डंपवर नेलं. त्याचा ड्रॉवर जुळ्यांतल्या एकाच्या पायावर पडला होता."

"लागलं त्याला?"

"थोडंसं."

"हे तरी सांगायचं होतंस," डेस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. आज नोएलीनला ते बघवेनात. गुरुवारमागून गुरुवार ती याच कानांसाठी खोटं बोलत आली होती, आणि त्या खोट्याखाली एक पोर चेंगरता चेंगरता राहिलं होतं. डेस तेवढ्यावर थांबला नाही. पुढचा प्रश्न त्याने जमिनीकडे बघत विचारला.

"मागच्या पायऱ्या?"

त्या पायऱ्या कॉलिनच्या अंत्यविधीनंतर डेसने केल्या होत्या. त्याचं पहिलं काम. तेव्हा डोळे शाबूत होते. एकेक पायरी करायला त्याला आठवडा लागला होता, दहादा मोजायचा आणि एकदा कापायचा. मेरी नदीला पूर आला तेव्हा खालच्या दोन पाण्यात बुडाल्या होत्या, पाणी ओसरल्यावर तशाच्या तशा. नोएलीन रोज कपड्यांची टोपली घेऊन त्यांवरून जाते-येते, आणि कधी तिचा पाय अडखळलेला नाही.

"त्या चांगल्या आहेत," ती घाईने म्हणाली. "डेस, खरंच चांगल्या आहेत रे. त्यांना कोणी हात लावलेला नाही. तुझ्याच आहेत त्या. कॉलिनलासुद्धा अशा—"

ती मध्येच थांबली. वाक्य तेच होतं, शब्दही तेच, आवाजही तोच.

"हो का," डेस म्हणाला. "बरं."

भिंतीला धरून तो उठला. गुडघ्यांवरचा भुसा झटकला, टोपी नीट केली. नोएलीनने हत्यारपेटी पुढे केली तर म्हणाला, "राहू दे. त्या बाईला दे, ती वापरेल." चहाचं तिने विचारलं नाही आणि तो थांबलाही नाही.

मागच्या दाराशी जाऊन त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. मग एक पाय पहिल्या पायरीवर टेकवला आणि दाबून पाहिला. जरा थांबला, पुन्हा दाबला. मग अंगाचा भार टाकला. दुसऱ्या पायरीवरही तसंच. तिसऱ्यावरही.

"पक्क्या आहेत रे त्या!" नोएलीन वरून ओरडली. तिला रडू आवरेना.

डेसने मान वर केली नाही. स्वतः केलेली प्रत्येक पायरी पायाने चाचपत तो खाली उतरत राहिला.