पदराची गाठ

ठमाबाईनं कालवणात भाकरी बुडवून पहिला घास तोंडात घातला आणि तिचा हात पदराच्या टोकाकडे गेला. गाठ बोटांना लागली. कालवणात मीठ नव्हतं, मिठातच कालवण होतं. 'मिठागर काय तुझ्या बापाचं हाय?' हे शब्द जिभेवर अगदी तयार बसले होते. पण गाठ लागली म्हणजे लागली. तिनं घास गिळला, एक श्वास घेतला, सोडला, आणि ठरल्याप्रमाणे समोर बघितलं.

समोर चुलीपाशी तिची सून तुळजा तांदळाची भाकरी थापत होती. मनगटावर तव्याचा जुना डाग. पहिली गरम भाकरी सासूच्या ताटात, दुसरी नवऱ्याच्या डब्यात, आणि कडेची जरा मोडलेली स्वतःसाठी झाकून ठेवलेली. हे रोजचंच असणार. ठमाबाईनं ते कधी बघितलंच नव्हतं.

"भाकर नरम झालीय," ती म्हणाली.

तुळजाचे हात परातीत थांबले. आता पुढे काय येतंय, म्हणून ती वाट बघत राहिली. पुढे काहीच आलं नाही.

ठमाबाईची जीभ अख्ख्या राहनाळ गावाला माहीत होती. उचलली जीभ की लावली टाळ्याला. मनात काही नसायचं, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची; पण मन कुणाला दिसतंय? गौरीच्या सणाला तिचा मुलगा अनंता भिवंडीहून बायकोला नायलॉनची साडी घेऊन आला. यंत्रमागावर काम करणारा माणूस, हौसेनं आणली. तुळजा ती नेसून पाया पडायला आली तर ठमाबाई म्हणाली, "नटवी झाली, आता घर कोन बघल?" आणि जी सून लग्न झाल्यापासून एका शब्दानं उलटून बोलली नव्हती, ती त्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाली, "मला ऱ्हायचंच न्हाय हितं."

झालं! अनंता कारखान्याजवळ भाड्याची खोली बघू लागला. दिवाळीआधी दोघं तिकडे जाणार, असं ठरल्यासारखंच होतं. ठमाबाई वरवर म्हणाली, "खुशाल जा." रात्री मात्र तिला झोप येईना. नवरा गेल्यापासून या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता तो या दोघांचाच.

दसऱ्याला ती काल्हेरला भावाकडे गेली आणि त्याच्यासमोर रडली. लडकूनं सगळं ऐकून घेतलं.

"ठमे, तू वाईट न्हाईस," तो म्हणाला. "तुझं तोंड म्होरं धावतं आनि डोळं मागं ऱ्हातात. बाजारातनं हळद आनायची आठवन ऱ्हावी म्हनून पदराला गाठ मारतेस ना? तशीच मार. हाताला लागली की थांब. एक श्वास घे. समोर कोन हाय ते नीट बघ. मग बोल."

"आनि बघून बी शिवीच द्यावी वाटली तर?"

"तर दे. पन बघून दे."

तेव्हापासून ही गाठ. पदर खोचताना लागायची, तोंड पुसताना लागायची, आणि दर वेळी समोर काहीतरी दिसायचं. अंघोळीला काढलेलं ऊन पाणी. रात्री गुपचूप पायाशी ठेवलेली गोधडी. एवढं सगळं आपल्याला मिळत होतं आणि आपण मिठावरून भांडत होतो, या विचारानं तिला भरून यायचं. देवाचे उपकार, असं ती पुटपुटायची. मग आठवायचं, की गोधडी देवानं नाही, तुळजानं ठेवली होती.

खोलीचं उत्तर द्यायचा दिवस उजाडला. अनंता कारखान्यात जाताना सांगून गेला, "खोलीवाले चाचा बोलले, आज हां या ना बोलो. मी दुपारच्याला घरी येतो, तवा काय ते नक्की करा." तुळजानं रिकामा डबा उचलला. ती रॉकेलच्या रांगेला निघाली. अंगणात बोंबील वाळत घातले होते.

"आई, बोंबलांवर ध्यान ठेवा जरा."

"हां, हां, जा तू."

ठमाबाई ओट्यावर बसली. शेजारची राहीबाई आली. तिला ठमाबाई सांगू लागली, की माणसानं कसं शांत राहावं, समोर कसं नीट बघावं. सांगता सांगता इतकी रंगली की मांजरानं निम्मे बोंबील कधी संपवले, ते दोघींनाही कळलं नाही. राहीबाई ते बघून हळूच सटकली, आणि तेवढ्यात तुळजा डबा घेऊन अंगणात शिरली.

"डोळं फुटलं का गं?" ठमाबाई कडाडली. चूक कुणाची, हे कळायच्या आत तोंड सुटलं होतं. "उघडं टाकून गावभर फिरतेस! आयशीनं काय वळन लावलं का न्हाय तुला?"

तिचा हात पदराकडे गेला. पदर सपाट होता. सकाळी लुगडं धुताना गाठ सोडली होती, मारायची राहून गेली. गेलं सगळं. आजच्याच दिवशी!

तुळजानं डबा खाली ठेवला. तिचा हात स्वतःच्या पदराच्या टोकाकडे गेला. बोटं कशावर तरी मिटली. तिनं एक श्वास घेतला, मान वर केली आणि सासूकडे नीट बघितलं.

"उन्हात बसलायसा कवाच्या," ती म्हणाली. "पानी आनू?"

ठमाबाई ओट्यावरून उतरली. तिनं सुनेच्या मुठीतून पदर सोडवून घेतला. टोकाला गाठ होती. पुन्हा पुन्हा मारून आणि सोडून तिथलं कापड विरलं होतं.

"ही तुला कुनी सांगितली? लडकूदादानं?"

"न्हाय. माझ्या आयेनं. सासरी धाडताना बांधून दिली." तुळजा जरा थांबली. "तुमची बी बघितली मी, दसऱ्यापास्नं. बोलले न्हाय."

"म्हंजे, पयल्यापास्नं तू..."

तुळजानं मान डोलावली. ठमाबाई ओट्याच्या पायरीवर खालीच बसली. आपण काही दिवसांत दमलो, आणि ही पोर इतकी वर्षं.

"मंग गौरीच्या दिवशी?"

"त्या दिवशी नायलॉनची साडी होती, आई. गुळगुळीत, तिला गाठ ऱ्हात न्हाय."

ठमाबाईला आधी हसू आलं, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पोरी, लई सोसलंस माझ्यापायी. तुला जायचं आसंल तर जा. रागानं न्हाय सांगत, मनापास्नं सांगते."

फाटकाशी सायकल वाजली. अनंता आला होता. "काय सांगू चाचाला?" यंत्रमागांच्या खडखडाटात राहून त्याला ओरडूनच बोलायची सवय झाली होती.

तुळजा पायरीवर टेकली. सासूचा पदर तिनं मांडीवर घेतला, टोकाला गाठ मारली आणि दातात धरून घट्ट ओढली.

"सांगा, दुसरा भाडेकरू बघा म्हनावं," ती मान वर न करताच म्हणाली.

"काय?" अनंता ओरडला.

"बहिरा झालास का मेल्या," असं ठमाबाईच्या अगदी ओठांवर आलं. हात पदराकडे गेला. गाठ होती. तिनं श्वास घेतला आणि मुलाकडे बघितलं. त्याच्या केसांत, भुवयांवर, सगळीकडे कापसाचे पांढरे तंतू बसले होते.

"खोली नको म्हनते ती," ठमाबाई म्हणाली. "आदी हातपाय धू बाबा. भाकर गरम हाय."