परक्या गळ्यातले शिवदारे

सोमवारचा उपवास सोडायला अजून तासभर होता. अक्कम्मांनी माडीवरच्या खोलीची फरशी तिसऱ्यांदा पुसली आणि कमरेवर हात ठेवून दोन्ही पाळण्यांकडं पाहिलं. सुतार म्हणत होता, एकच मोठा करतो. पण दोन जीव दोन जागी झोपतील, असं सांगून त्यांनी दोन करून घेतले होते. खिडक्यांना डासांची जाळी बसली होती. दाराशी शेजारची केराबाई पाय पसरून दुपट्यांना टाके घालत होती.

"अक्कम्मा, दोनी कुंच्या हिरव्याच शिवू, का येक लाल करू? कोन कुटलं ते कसं वळखायचं?"

"आई ओळखते की गं."

"आई वळखंल. आजीचं काय? येकालाच दोनदा दूद पाजशीला, आन् दुसरं बोंबलत बसंल!"

अक्कम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. लेकाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं त्यांनी सोमवार चुकवला नव्हता, की कुणापाशी सुनेबद्दल उणा शब्द काढला नव्हता. आता अनिलकुमार आणि सोनम कॅनडाहून जुळी घेऊन येणार, सव्वा महिन्यानं इथं सोलापुरात बारसं होणार, हे त्या रोज नव्यानं मनात घोळवत होत्या.

त्यांच्या लिंगायत घरात मूल जन्मायच्या आधीच त्याच्या गळ्यातलं शिवलिंग ठरतं. आठव्या महिन्यात जंगम स्वामी पोटातल्या बाळासाठी लहानसं इष्टलिंग देतात. बाळ येईपर्यंत आईनं ते आपल्या लिंगाशेजारी गळ्यात वागवायचं, आणि बाळ आलं की त्याच्या गळ्यात घालायचं. अनिलकुमारचं अक्कम्मांनी वागवलं होतं, त्याच्या वडलांचं सासूबाईंनी. लिंगावाचून आलेलं मूल या घरानं पाहिलंच नव्हतं. सोनम इतक्या लांब, म्हणून शिवानंदस्वामींनी इथंच पूजा करून दोन लिंगं दिली. अक्कम्मांनी ती पांढऱ्या वस्त्रात बांधून, शिवदाऱ्यात, म्हणजे गळ्यात घालायच्या दोऱ्यात ओवून, लेकाच्या मित्राबरोबर पाठवली. कुठंही खाली टेकवायची नाहीत, अशी शपथ घातली. त्या बिचाऱ्यानं अख्खा विमानप्रवास पिशवी मांडीवर घेऊन काढला.

त्याला पंधरा दिवस झाले. सोनमनं शिवदारे अजून दाखवले नव्हते. फोन केला की तिचं नुसतं तोंड दिसायचं.

फोन वाजला. तिकडं सकाळ होती.

"आव्वा," अनिलकुमार म्हणाला, "आप्पांना पण बोलव. आणि बसून घ्या दोघं."

अक्कम्मांचे यजमान विरुपाक्ष जिना चढून आले. फोन तिकडं हलला, भिंत दिसली, खिडकी दिसली, आणि मग एक पिवळ्या केसांची बाई दिसली. सोफ्यावर टेकून बसलेली. पोट चांगलं पुढं आलेलं. आणि त्या पोटावर, सदऱ्याच्या वर, पांढऱ्या वस्त्रातली दोन लिंगं.

फोन चुकून दुसरीकडं लागला, असं अक्कम्मांना वाटलं. पण वस्त्राची गाठ त्यांनी स्वतः मारली होती. आपली गाठ त्यांना हजारांत कळली असती.

"ही कोण?"

"हेदर. आव्वा, आमची बाळं हिच्या पोटात आहेत."

अनिलकुमार भराभर सांगत सुटला. दोन वर्षांखाली सोनमचं ऑपरेशन झालं ते अपेंडिक्सचं नव्हतं, गर्भपिशवी काढावी लागली होती. बाळं दोघांचीच आहेत, रक्त आपलंच, फक्त वाढतायत हिच्याकडं. हिची स्वतःची दोन मुलं आहेत, बाई चांगली आहे. सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

"आठ महिने?" विरुपाक्ष म्हणाले.

अक्कम्मांच्या कानात सगळं लांबून येत होतं. ओल्या फरशीवर त्यांच्याच पावलाचा ठसा वाळत चालला होता. तो पुरता वाळेपर्यंत त्या त्याच्याकडंच बघत राहिल्या.

"तिच्या गळ्यात ते कुणी घातलं?"

"मी, अत्या." सोनम समोर आली. सासूला ती अत्याच म्हणायची. डोळे सुजलेले. "आठ दिवस मीच घातले होते. तुम्ही सांगितलं तशी पूजा केली. नवव्या दिवशी हातच धजेना. लिंग बाळाचं ना? मग बाळ तिकडं आणि लिंग माझ्या गळ्यात, यात मी कुणाला फसवत होते? शिवाला?"

"काय खाते ती?"

सोनम म्हणाली, "सगळं खाते, अत्या. खोटं नाही सांगणार. तुम्ही म्हणाल तर आत्ता काढून घेते. पण आज सांगा. जुळी आहेत, डॉक्टर म्हणतात दिवस भरायची वाट बघणार नाहीत."

"तासाभरात सांगते," अक्कम्मा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

केराबाईनं सुई दुपट्यात टोचून ठेवली होती. "म्या काय मुद्दाम ऐकलं न्हाय. तुमचा फोनच लई मोट्यानं बोलतोय." तिनं विचारलं, "मंग अक्कम्मा, शिवू का थांबू?"

अक्कम्मा खाली देवघरात गेल्या.

पूजेला बसल्या की डाव्या तळहातावर त्यांचं लिंग दिव्यासारखं स्थिर असायचं. आज ते हलत होतं. ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याच्या हातचं पाणी त्यांच्या सासूबाई घेत नसत. आणि आता घरातल्या नातवंडांची लिंगं अशा बाईच्या गळ्यात, जिला शिव म्हणजे काय हे ठाऊक नाही! काढून घ्यावीत, तर बाळं मोकळ्या गळ्याची येणार.

"स्वामींना विचारू या," विरुपाक्ष दारातून हळूच म्हणाले.

"नको."

"का गं?"

"ते नाही म्हणाले, तर मला ऐकावं लागेल."

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. जन्मात त्यांनी स्वामींना न विचारता एक व्रत धरलं नव्हतं.

अक्कम्मांना आपला आठवा महिना आठवला. गळ्यात दोन लिंगं, पूजा कुठल्याची करायची ते कळेना, म्हणून त्यांनी म्हाताऱ्या स्वामींना विचारलं होतं. स्वामी म्हणाले होते, हे तुझं नव्हे पोरी. ज्याचं त्याला पोचेपर्यंत तू नुसतं धरून ठेव.

नुसतं धरून ठेव. ती बाई दुसरं काय करत होती?

तास व्हायच्या आत त्यांनी फोन लावला.

"सोनम, आधी तू ऐक. एवढं ऑपरेशन झालं आणि मला सांगितलं नाहीस. माझे सोमवार काय नुसते नातवंडांसाठी होते होय? येऊन तुझ्या उशाशी बसले असते की गं."

तिकडून नुसता हुंदका आला.

"रडू नकोस. त्या बाईला दाखव."

आता त्यांनी नीट पाहिलं. मघाशी त्यांना पोट आणि लिंगं एवढंच दिसलं होतं. शिवदारे भलतेच लांब होते.

"एवढा दोरा का सोडलाय?"

"तीच म्हणाली, बाळांच्या जवळ असू दे."

अक्कम्मा फोनच्या जवळ सरकल्या. "लिंग बेंबीच्या खाली जाऊ नये, एवढं तिला समजावून सांग. छातीशी घे. तुझ्या हातानं बांध, मी बघते."

सोनमनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. हेदरनं केस बाजूला घेतले आणि मान वर केली. सोनम शिवदारा वर ओढू लागली. इकडं अक्कम्मा दोन्ही हातांनी उंची दाखवू लागल्या, म्हणून फोन विरुपाक्षांनी धरला.

"घट्ट नको गं," अक्कम्मा म्हणाल्या. "तिला श्वास घ्यायला जागा ठेव."